मुंबईत उतरायचे कुठे?

मंडळी, गावाहून मुंबईला जायचे ठरले, की घरात पहिली चर्चा होते ती गाडीची. रात्रीची एस. टी. धरायची की रेल्वे, तिकीट मिळेल का, बरोबर कोण येणार, शिदोरीला काय घ्यायचे, याचा खल होतो. मुक्कामाचा प्रश्न मात्र "तिथे गेल्यावर बघू" म्हणून मागे ढकलला जातो. फार तर कोणाच्या तरी चुलतभावाचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून घेतात. मग पहाटे साडेचारला दादरच्या फलाटावर, एका हातात पिशव्या आणि दुसऱ्या हाताने धरलेले आजारी माणूस, अशा अवस्थेत तो मागे ढकललेला प्रश्न पुढे येऊन उभा राहतो: आता जायचे कुठे?

मुंबईत एक वेळ पोटाला मिळेल, पण पाठ टेकायला जागा मिळणार नाही, असे जुने लोक म्हणत आले आहेत. त्यात खोटे काही नाही. पण त्यातला बारकावा असा, की जागा अगदीच मिळत नाही असे नव्हे. घाईत शोधली तर ती भलत्या ठिकाणी आणि भलत्या भावाने मिळते. तेव्हा आज या जागेचाच हिशेब आपण मांडू. सगळ्याचा सारांश आधीच सांगून ठेवतो. मुंबईत मुक्काम ठरवताना पहिल्यांदा भाडे विचारू नका. पहिल्यांदा आपले काम कुठे आहे, ते किती दिवसांचे आहे आणि दिवसाच्या कोणत्या वेळेचे आहे, हे विचारा. भाडे त्यानंतर.

असे का, ते कळण्यासाठी मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आपला तालुका जसा चहूकडे पसरलेला असतो तशी मुंबई पसरलेली नाही. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे भराव घालून जोडली गेली आणि जुने शहर तयार झाले. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी. वाढायला वाट राहिली ती उत्तरेकडे. म्हणून हे शहर शेवग्याच्या शेंगेसारखे लांबट झाले. शेंगेला जशा शिरा असतात, तशा या शहराला लोहमार्गांच्या शिरा आहेत. पश्चिम रेल्वेची शीर चर्चगेटहून निघते आणि सुमारे ६० किलोमीटरवर विरारला, तिथून पुढे डहाणूपर्यंत जाते. मध्य रेल्वेची शीर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, म्हणजे जुन्या माणसांच्या व्ही. टी.हून, दादर, कुर्ला, ठाणे करीत सुमारे ५४ किलोमीटरवर कल्याणला पोहोचते आणि पुढे कसारा व कर्जत अशी फुटते. तिसरी हार्बरची शीर त्याच टर्मिनसहून कुर्ला, वाशी करीत सुमारे ४९ किलोमीटरवरच्या पनवेलला जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली रेल्वे धावली. तेव्हापासून हे शहर रुळांच्याच आधाराने वाढले आणि आजही त्यांच्याच आधाराने चालते.

आता यातून आपल्या कामाची गोष्ट कोणती, ती पाहा. शिरेच्या बाजूने जाणे सोपे असते, शिरा ओलांडून जाणे अवघड असते. तुमचे काम मध्य रेल्वेच्या बाजूला असेल आणि तुम्ही पश्चिम रेल्वेच्या बोरिवलीला उतरलात, तर रोज दादरला गाडी बदलणे आले. जिने, पूल आणि गर्दी, सगळे आले. म्हणून पहिला नियम असा: काम ज्या मार्गावर, मुक्काम त्याच मार्गावर. दादर हे पश्चिम आणि मध्य या दोन मार्गांचे, तर कुर्ला हे मध्य आणि हार्बर या दोन मार्गांचे समाईक ठाणे आहे. ज्याला दोन-तीन ठिकाणी फिरायचे आहे, त्याने दादरच्या आसपास जागा पाहावी.

शिरा ओलांडण्याचे काम अलीकडे मेट्रोने थोडे सोपे केले आहे. वर्सोवा, अंधेरी, घाटकोपर ही आडवी मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागली. ती विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांवरून, दादर, मुंबई सेंट्रल, शिवाजी महाराज टर्मिनस, चर्चगेट, विधान भवन अशी जाते. तिचे तिकीट लोकलच्या दुसऱ्या वर्गापेक्षा महाग पडते खरे, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना ती फार उपयोगी आहे.

दुसरा नियम वेळेचा. आपल्याकडे ओढ्याला पूर येतो तेव्हा आपण काठावर थांबतो. मुंबईच्या लोकलला असा पूर रोज दोनदा येतो. साधारणपणे सकाळी आठ ते अकरा लोंढा दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि टर्मिनसच्या दिशेने वाहतो; संध्याकाळी पाच ते नऊ तो उत्तरेकडे परततो. नेहमीचे लोकही त्या वेळी लोंबकळत जातात. बाहेरगावच्या माणसाने, त्यातून पिशव्या आणि आजारी सोबत असताना, त्यात उडी घेऊ नये. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हाच लोंढा आपल्या फायद्याचा होतो. काम उत्तरेकडे असेल तर दक्षिणेकडे मुक्काम ठेवावा, म्हणजे सकाळी उलट दिशेच्या गाडीत निवांत जागा मिळते. काम दक्षिणेकडे असेल तर मात्र कामाच्या जवळच राहावे, नाही तर सकाळी सातच्या आत निघावे.

आता कामाकामाप्रमाणे पाहू.

समजा तुमचे मंत्रालयात किंवा एखाद्या कार्यालयात एका दिवसाचे काम आहे. तर मुक्काम करूच नका! कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, गोंदिया-नागपूरकडची विदर्भ, कोकणातली कोकणकन्या या गाड्या रात्री प्रवास करून सकाळी मुंबईला आणतात. स्टेशनावरच्या प्रतीक्षालयात तोंड धुवावे, सामान क्लोकरूममध्ये ठेवावे, काम आटपावे आणि रात्रीच्या गाडीने परत फिरावे. प्रवेशाची वेळ मात्र आधी विचारून ठेवा. मंत्रालयात साध्या अभ्यागताला बहुधा दुपारनंतरच आत सोडतात, आणि ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत. थोडी विश्रांती हवीच असेल, तर मोठ्या स्टेशनांवर रेल्वेच्या रिटायरिंग रूम असतात. ज्याच्याकडे गाडीचे पक्के तिकीट आहे त्यालाच त्या मिळतात आणि आधी नोंदवाव्या लागतात. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये एकट्या माणसाला झोपण्यापुरत्या कप्प्यांचीही सोय सुरू झाली. त्यांना पॉड म्हणतात.

समजा मुलामुलीची परीक्षा किंवा मुलाखत आहे. तिथे मात्र मुक्काम हवा, आणि तो आदल्या रात्रीचा हवा. परीक्षा पुष्कळदा रविवारी असतात, आणि रविवारी रेल्वे दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेते. काही तास काही मार्गांवरच्या गाड्या बंद असतात किंवा उशिरा धावतात. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ते छापून येते. तेव्हा अशा वेळी केंद्रापासून चालत जाता येईल अशी जागा पाहा, मग ती दोनशे रुपयांनी महाग का असेना. वर्षाच्या अभ्यासापुढे दोनशे रुपये काही मोठे नाहीत. मुलगी एकटी जाणार असेल तर रात्री वर्दळ आणि उजेड असलेल्या रस्त्यावरची जागा पाहावी. वाय. डब्ल्यू. सी. ए.सारख्या स्त्रियांच्या संस्थांची वसतिगृहे आधी विचारावीत.

समजा घरचे कोणी नोकरीसाठी आखातात निघाले आहे आणि त्याला पोचवायला चार माणसे जाणार आहेत. इथे एक नवी काळजी घ्यायला हवी. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आता विमानतळ एक नाही, दोन आहेत. जुना अंधेरी-सांताक्रूझच्या बाजूला, नवा पनवेलच्या बाजूला. दोघांत खाडी आहे. शिवाय जुन्या विमानतळाची दोन टर्मिनले निराळी. तिकिटावर कोणते नाव छापले आहे ते शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्या आणि मगच मुक्काम ठरवा.

आता सर्वांत जड काम, दवाखान्याचे. मुंबईला जाणाऱ्या गावच्या माणसांपैकी कितीतरी जण या एका कामासाठी जातात, आणि त्यांचाच मुक्काम सर्वांत लांबतो. टाटा रुग्णालय, के. ई. एम. आणि मुलांचे वाडिया ही तिन्ही रुग्णालये परळला एकमेकांच्या जवळ आहेत. जे. जे. भायखळ्याला आहे, नायर मुंबई सेंट्रलला आहे, तर शीव रुग्णालय शीवला.

समजा तुम्ही तिघे आहात, रोगी आणि बरोबर दोघे, आणि चार दिवस तपासण्या आहेत. कोणीतरी सांगितले, परळला खोली सोळाशे रुपये रोज, कल्याणला हजार. हे आकडे नुसते हिशेबासाठी धरले आहेत, बरं का. आपण म्हणणार, रोजचे सहाशे वाचले, चला कल्याणला! पण थांबा. कल्याणला लॉजपासून स्टेशनला रिक्षा, जाऊन-येऊन शंभर धरा. लोकलची तिघांची जाता-येता तिकिटे नव्वद. परळला किंवा दादरला उतरल्यावर आजारी माणूस चालत जाणार नाही. टॅक्सी करावी लागणार. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे कमीत कमी भाडे दीड किलोमीटरला ३१ रुपये झाले आहे. दोन वेळचे सत्तर धरा. मधल्या वेळेत खोलीवर येता येत नाही, म्हणून चहा, नाश्ता, जेवण सगळे बाहेर, त्याचे वरचे दोनशे. बेरीज झाली चारशे साठ. वाचले किती? एकशे चाळीस. आणि त्या एकशे चाळीस रुपयांसाठी आजारी माणसाने रोज तीन तास गाडीत आणि फलाटावर काढायचे! दुपारी डॉक्टर म्हणाले, "दोन तासांनी परत या," तर त्याने बसायचे कुठे? पायरीवर. म्हणून म्हणतो, जागेचे भाडे म्हणजे जागेची किंमत नव्हे. भाडे, येणे-जाणे, बाहेरचे खाणे आणि अंगावर पडणारा शीण, या चारांची बेरीज म्हणजे किंमत.

हाच हिशेब उलटाही होतो. लग्न डोंबिवलीला असेल आणि आपण हौसेने समुद्र दिसतो म्हणून कुलाब्याला उतरलो, तर तेही तितकेच खुळेपण. अंथरूण पाहून पाय पसरावे, पण अंथरूण कुठे घालायचे तेही पाहावे.

इथे कोणी म्हणेल, एवढा हिशेब कशाला? मुंबईला आमची माणसे आहेत! असतील. आणि मुंबईची आपली माणसे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, हे त्यांचे मोठेपण. पण त्यांच्या घराचा आकार मनात आणा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बी. डी. डी. चाळींतली खोली होती १६० चौरस फुटांची. आपल्या गोठ्यात दोन बैल बांधले तर एवढी जागा लागते, आणि त्या खोलीत पिढ्यान् पिढ्या संसार झाले. या चाळींच्या जागी आता इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पण मुंबईतले हजारो संसार अजूनही एका खोलीतच आहेत. पाणी येते ठरावीक वेळेला. घरातला कर्ता पहाटे निघतो, मुलांची शाळा असते. तिथे आपण चौघे जाऊन पडलो, तर भाडे वाचते, पण ते कोणीतरी भरतच असते. घरची बाई ते आपल्या झोपेतून भरते.

म्हणून आप्तांकडे उतरायचे तर काही पथ्ये पाळावीत. आठ दिवस आधी फोन करून सरळ विचारावे, "वहिनी, दोन रात्री येऊ का? अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा." किती माणसे येणार ते खरे सांगावे. आजार संसर्गाचा असेल तर तोही सांगावा. जाताना तांदूळ, डाळ, घरचे तूप, जे असेल ते न्यावे. "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई," ही म्हण आपल्याच वाडवडिलांनी केली आहे. दोन रात्रींपुरते नाते, त्यापुढे दुसरी सोय. मुक्काम लांबणार असेल तर आप्तांकडून जागेपेक्षा माहिती घ्यावी. त्यांच्या ओळखीने चार लॉज पाहता येतात, संस्थेच्या कचेरीत विचारता येते. ती मदत जास्त मोलाची.

जुन्या काळी गावच्या माणसांनी या प्रश्नाला काय उत्तर काढले होते, तेही पाहण्यासारखे आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची मंडळे गिरगाव, परळ, लालबागेत खोल्या घेऊन ठेवीत. गिरणीत कामाला आलेला नवा माणूस आधी त्या खोलीवर उतरायचा आणि जेवायला बाईच्या खाणावळीत जायचा. गोव्याच्या गावांनी धोबी तलावाकडे, जेर महालासारख्या इमारतींत आपापल्या गावाची कूड ठेवली होती. कूड म्हणजे खोली. जहाजावर जाणारा तारवटी बोटीची वाट पाहत तिथे थोड्या पैशांत राहायचा. पेटी भिंतीशी ठेवायची आणि रात्री चटई अंथरायची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर गावाच्या कितीतरी खोल्याही गेल्या. पण त्या खोल्यांत दोन गुण होते, ते आजही जागा पाहताना विसरू नयेत. एक, खोली कामाजवळ होती. दोन, शेजारी विश्वासाचे माणूस होते.

हे दोन्ही गुण आज कुठे सापडतात? आजाऱ्यासाठी म्हणाल तर धर्मशाळेत आणि सेवासंस्थांच्या सदनांत. संत गाडगे महाराजांनी (१८७६ ते १९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. देवाला आलेल्या गरिबाला उघड्यावर झोपावे लागू नये, हा त्यांचा हेतू. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा दवाखान्यासाठी आलेल्या रुग्णांची सोय पाहते. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. कर्करोग झालेल्या लहान मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी सेंट ज्यूड्स ही संस्था २००६ पासून विनामूल्य राहण्याची सोय करीत आली आहे. सी. पी. टँकच्या बाजूला हिराबागेसारख्या जुन्या धर्मशाळा आहेत, पण तिथले नियम निराळे. ते आधी विचारावेत.

या ठिकाणी जागा कशी मिळते, ते नीट समजून घ्या. कारण माहिती नसल्यामुळे माणसे रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर राहतात, आणि दोन-तीन आठवड्यांत पैसे संपले की उपचार अर्धवट टाकून गावी परततात. सुरू केलेला उपचार अर्धवट सोडणे फार घातक असते. जागेअभावी हे घडू नये, एवढ्यासाठी हे सगळे सांगतो आहे. तर, धर्मशाळेच्या दारात थेट जाऊन बहुधा काम होत नाही. आधी रुग्णालयात नाव नोंदवावे, तिथला फाइल नंबर घ्यावा. मग रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे. टाटासारख्या रुग्णालयात हा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या समाजसेवकांना कुठे जागा आहे, कुठे स्वयंपाकाची सोय आहे, कोणता ट्रस्ट औषधाला मदत करतो, याची माहिती असते. त्यांची चिठ्ठी घेऊन धर्मशाळेत जावे. बहुतेक ठिकाणी रोग्याबरोबर एक किंवा दोनच माणसांना परवानगी असते, दिवसांची मर्यादा असते आणि पुढे मुदत वाढवून घ्यावी लागते. जागा भरलेली असेल तर नाव यादीत लावावे आणि रोज विचारीत राहावे. तोवर दोन-चार रात्रींसाठी जवळचा लॉज धरावा. म्हणजे पैशांची तजवीज या दोन-चार रात्रींची आधीच करायला हवी.

खोली पाहताना रोग्यासाठी स्वयंपाक करता येतो का, हे जरूर विचारा. ज्याला पेज आणि मऊ भातच चालतो, त्याला महिनाभर हॉटेलचे खाणे परवडत नाही आणि मानवतही नाही. आणखी दोन गोष्टी. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णाला जाता येते. रुग्णालयाचा कागद जवळ ठेवा. बाहेरगावच्या रेल्वे प्रवासातही कर्करोगाच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला सवलत आहे. तिचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न तालुक्याच्या डॉक्टरांना विचारा: "यासाठी मुंबईलाच जायला हवे का?" सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासनाची कर्करोग संस्था आहे. टाटाचेच दुसरे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. कधी तपासणी मुंबईत आणि पुढचा उपचार जवळ, असे करता येते. उपचार खारघरला ठरला असेल तर परळला खोली धरून काय उपयोग? सर्वांत स्वस्त मुक्काम आपल्या घरचाच, तो सुटण्याआधी खात्री करून घ्यावी.

आता लॉजकडे वळू. लॉजवाल्याला फोनवर किंवा समोर उभे राहून हे प्रश्न विचारा, आणि लाजू नका. भाडे खोलीचे की माणशी? त्यात कर धरला आहे का? २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्याआधी तो १२ टक्के होता. कोणी अजून जुना दर लावीत असेल तर विचारा. दिवस चोवीस तासांचा, की दुपारी बाराला संपतो? पहाटे पाचला खोली घेतली आणि बाराला दिवस संपला, तर सात तासांसाठी एक दिवसाचे भाडे जाते. लिफ्ट आहे का, आणि ती चालते का? संडास खोलीत की बाहेर, बसायचा की कमोडचा? गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला हा प्रश्न फार मोठा असतो. गरम पाणी किती वाजता? अनामत किती, आणि ती परत कधी? रात्री दार किती वाजता बंद होते? खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका आणि पावती घेतल्याशिवाय खोली सोडू नका. सरकारी कामाने जाणाऱ्या शिक्षकांना तर प्रवासभत्त्यासाठी पावती लागेलच. बरोबरच्या प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र मागतात, तेव्हा सगळ्यांची आधार कार्डे घेऊन निघा.

स्टेशनावर "रूम पाहिजे का, रूम?" म्हणत मागे लागणारा माणूस आपल्यासाठी पळत नसतो. त्याची दलाली खोलीच्या भाड्यात चढते. त्याच्यामागे जाऊ नये. मोबाईलवर जागा पाहताना दोन फसवणुकी ओळखा. एक साधी: "स्टेशनपासून पाच मिनिटे" असे लिहिलेले असते, पण चालत की मोटारीने, ते लिहिलेले नसते. दुसरी वाईट: एखाद्या नावाजलेल्या धर्मशाळेच्या किंवा हॉटेलच्या नावाने खोटा नंबर टाकलेला असतो, आणि पलीकडचा माणूस गोड बोलून पूर्ण पैसे आधी मागतो. अनोळखी नंबरवर सगळे पैसे आधी पाठवू नका, आणि मोबाईलवर आलेला ओ. टी. पी. कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर कळवा. बिलाबद्दल तक्रार असेल तर ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे.

हंगामही पाहावा. पावसाळ्यात जाणार असाल तर कामापासून चालत जाता येईल अशीच जागा पाहा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो माणसे जिथल्या तिथे अडकली. तसा पाऊस दरवर्षी पडत नाही. पण मोठ्या सरीला आणि भरतीला एक गाठ पडली, की हिंदमातासारख्या सखल भागात पाणी भरते आणि लोकल थांबते. गणेशोत्सवात परळ-लालबागेत वाट काढणे अवघड होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या दर्शनासाठी देशभरातून माणसे दादरला येतात. त्यांच्यासाठी शिवाजी पार्कवर महापालिका निवाऱ्याची सोय करते, पण त्या दिवसांत दुसऱ्या कामासाठी दादरला खोली शोधणे कठीण. तारीख आपल्या हाती असेल तर असे दिवस टाळावेत.

शेवटी शिक्षक मंडळींना एक विनंती. गावातला माणूस मुंबईला निघाला, की तो तुमच्याकडे पत्ता वाचून घ्यायला येतो. तेव्हा शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. तिच्या पहिल्या पानावर मुलांकडून मुंबईच्या तीन लोहमार्गांचा नकाशा काढून घ्या. त्यांचा भूगोलाचा धडाही होईल. त्यात रुग्णालये आणि त्यांची जवळची स्टेशने लिहा. मग जो जो मुंबईहून परत येईल त्याला विचारा: कुठे उतरलात, काय भाडे पडले, पावती मिळाली का, पाणी होते का, पुन्हा तिथे उतराल का? उत्तर तारखेसह लिहून ठेवा, आणि नंबर असेल तर वर्षातून एकदा फोन करून खात्री करा. दोन-तीन वर्षांत त्या वहीत गावाला पुरेल एवढी माहिती जमेल.

गावाच्या खोल्या गेल्या, पण गावाची वही ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या खेपेला एखादी म्हातारी औषधोपचाराला मुंबईला निघेल, तेव्हा तिच्या मुलाच्या खिशात त्या वहीतून उतरवलेली चिठ्ठी असू द्या: कोणत्या स्टेशनावर उतरायचे, कोणत्या विभागात चिठ्ठी मागायची, आणि पहिली रात्र कुठे काढायची.